शेतकऱ्याच्या दारी शाळा

अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्यालगत तेल्हारा हे गाव वसलेले आहे. उत्तरेस डोंगरांची निळसर रांग, दक्षिणेस पूर्णा नदीचे सपाट खोरे आणि चोहीकडे काळीभोर कसदार जमीन, असा हा मुलूख आहे. वऱ्हाडचा हा भाग कापसासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. दसरा उलटला की बोंडे फुटू लागतात आणि पाहता पाहता शेते पांढरीशुभ्र होतात. वेचणीच्या त्या दिवसांत शेतकऱ्याला एकेक हात मोलाचा वाटतो. शंभर वर्षांपूर्वी त्या हातांत लहान मुलांचे हातही असत. थोरल्याने कापूस वेचावा, धाकट्याने गुरे राखावीत, मुलीने तान्ह्या भावंडाला सांभाळावे, अशी घराघरांतली वाटणी ठरून गेलेली असे.

त्या काळी पुष्कळ खेड्यांत शाळाच नव्हती. जेथे ती होती, तेथेही गरिबाचे मूल तिच्यात पोहोचणे कठीण होते. घरच्या दारिद्र्याचा अडथळा होता, सावकाराच्या कर्जाचा होता, जातिभेदाचा होता आणि पुढील इयत्तांसाठी परगावी जावे लागे तो अंतराचाही होता. शाळा आणि मूल यांच्यामध्ये उभे असलेले हे अडथळे एकेक करून दूर करण्यासाठी वऱ्हाडच्याच एका शेतकरीपुत्राने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव डॉ. पंजाबराव देशमुख. वऱ्हाडातील लोक त्यांना प्रेमाने भाऊसाहेब म्हणत.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव शामराव आणि आईचे नाव राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम. पुढे देशमुख हेच नाव रूढ झाले. घर शेतकऱ्याचे होते. पेरणी, निंदणी, वेचणी यांच्या चक्राबरोबर घरातले दिवस फिरत. पाऊस चांगला झाला तर घरात आनंद, आणि पावसाने दगा दिला तर सावकाराची पायरी, हे शेतकऱ्याचे जिणे पंजाबरावांनी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिले.

मुलगा बुद्धीने तल्लख होता. परंतु त्या काळच्या खेड्यात तल्लख मुलालाही शिक्षणासाठी गावोगाव फिरावे लागे. पापळला झालेला विद्येचा आरंभ पापळला पुरा होण्यासारखा नव्हता. पुढील शिक्षणासाठी पंजाबरावांना चांदूर रेल्वे, तेथून कारंजा आणि शेवटी अमरावती, अशी वाट धरावी लागली. प्रत्येक ठिकाणी राहण्याची आणि जेवणाची सोय शोधावी लागे. ज्यांच्या आईबापांना ती सोय करणे शक्य होते, त्यांची मुले पुढे जात. बाकीची मुले पुन्हा शेताच्या बांधावर येत. पंजाबराव पुढे जाऊ शकले, कारण शामरावांना शिक्षणाचे मोल कळले होते.

अमरावतीच्या हिंदू हायस्कुलातील शिक्षण संपवून पंजाबराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. त्यानंतर १९२० साली त्यांनी इंग्लंडची वाट धरली. शेतकऱ्याच्या मुलाने समुद्रापलीकडे शिकावयास जाणे ही त्या वेळी मोठी अपूर्वाईची गोष्ट होती. या शिक्षणासाठी वडिलांनी कर्जाचा भार डोक्यावर घेतला. पंजाबरावांनीही त्या कर्जाची जाणीव कधी सोडली नाही. एडिंबर्ग येथे त्यांनी एम. ए. ची पदवी मिळवली. ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टर ही पदवी संपादन केली. त्याच काळात ते बॅरिस्टरही झाले. ज्या वेदविद्येचा अधिकार परंपरेने मोजक्या लोकांपुरता राखून ठेवला होता, त्याच विद्येत एका कुणबिकीच्या घरातील मुलाने जगातील एका नामांकित विद्यापीठाची मान्यता मिळवली.

ज्या स्कॉटलंडमध्ये त्यांनी शिक्षण घेतले, तेथे १८७२ सालापासूनच प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. पाच ते तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीने शिकलेच पाहिजे, असा तेथील कायदा होता. खाणीतल्या मजुराचे मूलही तेथे अक्षरओळख करून घेत असे. भारतात मात्र अशा कायद्याची मागणी वारंवार करूनही ती मान्य होत नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात तसे विधेयक मांडले. पण पुढील वर्षी ते फेटाळले गेले. जेथे राज्यकर्ते एतद्देशीय होते आणि मनाने उदार होते, अशा काही संस्थानांत मात्र हे काम झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनीही १९१७ साली आपल्या संस्थानात ते सुरू केले. वऱ्हाडवर कोणा संस्थानिकाचे राज्य चालत नव्हते. तेथे इंग्रजांचा कारभार होता आणि १९०३ पासून तो मुलूख मध्यप्रांताला जोडलेला होता. तेथे हे काम लोकांच्या प्रतिनिधींनाच करावे लागणार होते.

पंजाबराव १९२६ च्या सुमारास स्वदेशी परतले आणि अमरावतीस त्यांनी वकिली सुरू केली. बॅरिस्टरची पदवी, परदेशातील विद्वत्ता आणि तरुण वय ही सारी अनुकूलता होती. मनात आणले असते तर केवळ धनसंचय करून सुखाने राहणे त्यांना अवघड नव्हते. परंतु गावोगाव सोय शोधत हिंडणारी खेड्यांतील मुले त्यांना विसरता येत नव्हती. म्हणून त्यांनी पहिले पाऊल टाकले ते वसतिगृहाचे. अमरावतीस त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. त्या छात्रालयात सर्व जातींच्या मुलांना प्रवेश होता. जी मुले गावी एका पाणवठ्यावर पाणी भरू शकत नव्हती, ती येथे एका छपराखाली राहू लागली आणि एका पंगतीत जेवू लागली. ज्या काळात पंगतीत शेजारी कोण बसला यावरून माणसाला वाळीत टाकले जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे.

जे दुसऱ्यांना सांगावयाचे ते आधी आपण करावयाचे, असा पंजाबरावांचा बाणा होता. १९२७ साली त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी विवाह केला. हा विवाह आंतरजातीय होता आणि त्याबद्दल त्यांना टीकाही सोसावी लागली. विमलाबाईंनी पतीच्या कार्यात मनापासून साथ दिली. पुढे त्या राज्यसभेच्या सदस्याही झाल्या. त्याच सुमारास अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना प्रवेश मिळावा, यासाठी चळवळ सुरू झाली. त्या चळवळीतही पंजाबराव पुढे होते.

१९२८ साली पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. जिल्ह्यातील रस्ते, दवाखाने, विहिरी आणि प्राथमिक शाळा यांची व्यवस्था हे कौन्सिल पाहत असे. मध्यप्रांतात १९२० सालीच प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला होता. आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा त्या कायद्याने स्थानिक संस्थांना दिली होती. परंतु कायद्यातील मुभा निराळी आणि प्रत्यक्ष शाळा निराळी. शाळेला छप्पर लागते, शिक्षकाला पगार लागतो, फळा आणि खडू लागतात. या सर्वांना पैसा लागतो आणि कौन्सिलची तिजोरी तर लहान होती.

पंजाबरावांपुढे दोनच मार्ग होते. पैसा नाही असे सांगून कायदा कागदावर राहू द्यावयाचा, किंवा लोकांवर शिक्षणासाठी कर वाढवावयाचा. दुसरा मार्ग धोक्याचा होता. कर देणारे बहुतेक सगळे शेतकरीच होते आणि ते आधीच सारा आणि सावकारी व्याज यांनी वाकलेले होते. ज्यांच्या मतांवर अध्यक्षपद मिळाले, त्यांच्याच खिशात हात घालावयाचा, हे लोकप्रिय होण्याचे लक्षण नव्हते. शिवाय पुष्कळ आईबापांना वाटे की मूल शाळेत गेले तर शेतावरचे दोन हात कमी होणार. त्यात वर कर भरावयाचा म्हणजे दुहेरी नुकसान. त्यांचे हे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. ज्याच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत आहे, त्याला दहा वर्षांनंतरच्या लाभाचा हिशेब पटवून देणे सोपे नसते.

तरीही पंजाबरावांनी दुसराच मार्ग पत्करला. शेतकऱ्याला लिहितावाचता येत नाही, म्हणूनच तो सावकाराच्या वहीवर न वाचता अंगठा उठवतो. तेच व्याज तो पिढ्यान्पिढ्या फेडत राहतो. बाजारातील भाव त्याला कळत नाही, कचेरीतील कागद त्याला समजत नाही. अज्ञानाची ही किंमत शेतकरी दरवर्षी भरतच होता. फक्त तिला कोणी कर म्हणत नव्हते. शिक्षणासाठी द्यावयाचा कर त्या मानाने हलका होता आणि त्याचे फळ पुन्हा शेतकऱ्याच्याच मुलांना मिळणार होते. पंजाबरावांच्या कारकिर्दीत शिक्षणाचा कर वाढला आणि जिल्ह्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे पाऊल पडले.

याच काळात त्यांनी आणखी एक निर्णय घेतला. जिल्ह्यातील सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुल्या केल्या. विहिरीचा आणि शाळेचा संबंध काय, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूरपासून तेल्हाऱ्यापर्यंत, जमिनीखालचे पाणी पुष्कळ ठिकाणी खारे आहे. त्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. अशा मुलखात गोड्या पाण्याची विहीर ही गावाची मोठी संपत्ती असते. त्या विहिरीवर ज्यांना पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्या घरातील माणसांचा दिवस घोटभर पाण्यासाठी ताटकळण्यात जाई. शिवाय ज्या गावात मुलाला विहिरीवर उभे राहू दिले जात नाही, त्या गावच्या शाळेत त्याला इतरांशेजारी कोण बसू देणार? विहीर मोकळी होणे ही शाळा मोकळी होण्याची पहिली पायरी होती.

१९३० साली पंजाबराव मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही त्यांना अत्यंत प्रिय असलेली दोन्ही खाती त्यांच्याकडे आली. जागतिक मंदीचा तो काळ होता. कापसाचे भाव कोसळले होते आणि वऱ्हाडचा शेतकरी कर्जात गळ्यापर्यंत बुडाला होता. कर्जबाजारी शेतकऱ्याला सावकाराशी तडजोड करून कर्ज फेडता यावे, यासाठी पंजाबरावांनी कर्जलवादाच्या कायद्याचा आग्रह धरला. असा कायदा प्रांतात १९३३ साली झाला. घराची जप्ती टळली तरच मुलाच्या हातात पाटी येते, हे त्यांना ठाऊक होते.

शिक्षणासाठी पैसा कोठून आणावा, हा प्रश्न मात्र सुटत नव्हता. देवस्थानांकडे साठलेल्या संपत्तीतून काही भाग शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामाकडे वळवावा, अशा हेतूने त्यांनी १९३२ साली हिंदू देवस्थान संपत्तीविषयीचे विधेयक पुढे आणले. त्यावर मोठे वादळ उठले. धर्मात हात घातल्याचा आरोप त्यांच्यावर झाला आणि त्या विधेयकाचा कायदा होऊ शकला नाही. वेदांवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला धर्मबुडव्या म्हणवून घ्यावे लागले. १९३३ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

त्याच जिल्ह्यातील आणखी एक थोर पुरुष या काळात निराळ्या रीतीने हेच काम करीत होता. हातात खराटा, डोक्यावर गाडगे आणि अंगावर चिंध्या अशा वेषात गाडगे महाराज गावोगाव कीर्तने करीत हिंडत होते. त्यांना स्वतःला शाळेचा लाभ झाला नव्हता. परंतु कर्ज काढून सण करू नका, पोटाला चिमटा घ्या, पण मुलांना शिकवा, हा उपदेश ते खेड्यातल्या माणसाच्या भाषेत त्याच्या मनावर ठसवीत. पंजाबराव मुलांसाठी शाळा उघडत होते आणि गाडगे महाराज आईबापांची मने उघडत होते. यांपैकी एकच काम झाले असते, तर ते अपुरे राहिले असते.

सरकारी सत्ता आज असते आणि उद्या जाते, हा अनुभव पंजाबरावांनी घेतला होता. सत्ता नसतानाही चालत राहील अशी व्यवस्था हवी होती. १९३२ साली अमरावतीस त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. आरंभी संस्थेजवळ धन थोडे आणि अडचणी फार, अशी स्थिती होती. तरी वर्गणीतून, देणग्यांतून आणि कार्यकर्त्यांच्या कष्टांतून ती वाढली. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ या जिल्ह्यांत तिच्या शाळा, वसतिगृहे आणि पुढे महाविद्यालये उभी राहिली. लहान गावांच्या आसपासच शाळा निघू लागल्या. पंजाबरावांना लहानपणी जी वाट चालावी लागली होती, ती पुढच्या पिढीच्या हजारो मुलांसाठी आखूड झाली.

देश स्वतंत्र होत असताना पंजाबरावांना घटना समितीचे सदस्य होण्याचा मान मिळाला. खेड्यांतील लोकांना आणि मागासलेल्या वर्गांना राज्यकारभारात योग्य वाटा मिळावा, यासाठी त्यांनी तेथे आवाज उठवला. त्या समितीने तयार केलेली राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे तिच्या पंचेचाळिसाव्या कलमात नमूद केले होते. जिल्हा कौन्सिलच्या छोट्या तिजोरीपुढे बसून ज्या ध्येयासाठी पंजाबराव झटले होते, ते आता साऱ्या देशाचे ध्येय ठरले. त्या वेळी देशात शंभरांपैकी सुमारे अठराच माणसांना लिहितावाचता येत होते. यावरून ते ध्येय किती दूर होते, याची कल्पना येईल.

१९५२ साली पंजाबराव अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले आणि १९६२ पर्यंत केंद्र सरकारात त्यांनी शेतीखात्याची धुरा वाहिली. भातशेतीची जपानी पद्धत देशभर नेण्याच्या मोहिमेला त्यांनी चालना दिली. भारत कृषक समाज ही शेतकऱ्यांची संघटना त्यांनी उभारली. दिल्लीस १९५९ च्या अखेरीस जागतिक कृषी प्रदर्शन भरवून त्यांनी भारतातील शेतकऱ्याला जगातील शेतीचे दर्शन घडवले. इतक्या व्यापातही शाळा उघडण्याचा त्यांचा छंद सुटला नाही. १९६१ साली त्यांच्या पुढाकाराने राजधानी दिल्लीतही शिवाजी महाविद्यालय सुरू झाले.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे पंजाबरावांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९६९ साली, अकोला येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. शेती आणि शिक्षण ही त्यांच्या जीवनाची दोन व्रते होती. ती दोन्ही त्या विद्यापीठात एकत्र आली आहेत.

राज्यघटनेने घातलेली दहा वर्षांची मुदत १९६० साली संपली, तेव्हा देशातील असंख्य मुले शाळेबाहेरच होती. पुढे २००२ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा त्यांचा मूलभूत हक्क ठरला. त्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. २०११ च्या जनगणनेत, ज्या अकोला जिल्ह्यात तेल्हारा आहे, त्या जिल्ह्यातील सात वर्षांवरील शंभर माणसांपैकी सुमारे अठ्ठ्याऐंशी माणसे साक्षर असल्याचे दिसून आले. एका शतकाच्या आत केवढा हा पालट!

परंतु शंभरांतले उरलेले बारा विसरून चालणार नाही. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीसाठी परगावी जाणाऱ्या मजुरांची मुले आजही अर्ध्या वर्षातच शाळेपासून दुरावतात. डोंगरातल्या पाड्यांवरील मुलांना पावसाळ्यात ओढे ओलांडून शाळेत यावे लागते. शाळा आणि मूल यांच्यामधले अडथळे पुष्कळ कमी झाले असले, तरी ते पुरते हटलेले नाहीत. वर्गातील एखादे बाक वेचणीच्या दिवसांत रिकामे राहिले, तर त्या बाकावरचा सोबती कोठे गेला, याची चौकशी करणे हे आपले काम आहे. पंजाबरावांनी सोडलेले काम तेथूनच पुढे न्यावयाचे आहे.